ग्राबिनूवचा राजदंड

आमच्या ग्राबिनूवात इर्मिना सोबचाक कुठे राहते असं विचाराल, तर माणूस क्षणभर डोकं खाजवेल. 'राणी' म्हणा, लगेच बोट दाखवेल: बेकरीच्या मागचं हिरव्या फाटकाचं घर. ही पदवी तिला कुणी प्रेमाने दिलेली नव्हती. विसाव्या वर्षी तिने ती स्वतःच्या वेंधळेपणाने कमावली आणि पुढची चाळीस वर्षं ती तिच्या मानगुटीवरून उतरली नाही.

ते कसं झालं हे कळायला आधी राजदंड कळला पाहिजे. वूच शहराच्या उत्तर टोकापासून आमच्याकडे ट्राम येते. लिपूव्कापर्यंत दुहेरी रूळ आहेत. लिपूव्का म्हणजे लिंडनची काही झाडं, नियंत्रकाची एक खोली आणि ट्रामांना एकमेकींना वाट द्यायला जागा, एवढंच. त्यापुढे मात्र एकच रूळ: कोबीच्या शेतांतून, दफनभूमीच्या भिंतीला लागून, तळ्याला वळसा घालून थेट ग्राबिनूवच्या चौकात. एका रुळावर दोन ट्रामा समोरासमोर आल्या तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून राजदंड. हातभर लांबीचा बीचच्या लाकडाचा दंडुका, टोकाला पितळी कडं. असा दंडुका जगात एकच. तो ज्याच्या हातात, वाट त्याची. तो हातात नाही, तर पोपही आला तरी लिपूव्काच्या पुढे ट्राम हलायची नाही. वाटेवर कुणी नसेल तेव्हा तो नियंत्रकाच्या खोलीतल्या खुंटीवर टांगलेला असे. सगळा कारभार इतका साधा होता, की त्यात चूक करायलाही डोकं लागे.

इर्मिनाने ती केली. ट्राम चालवायला तिला झेनोनकाकांनी शिकवलं होतं. मोठ्या मिशांचा हा माणूस ना देवावर विश्वास ठेवी, ना घड्याळावर. त्याचा विश्वास फक्त राजदंडावर. एका शनिवारी इर्मिनाच्या थोरल्या बहिणीचं शेजारच्या खेड्यात लग्न होतं. दुपारची पाळी संपवून तिने ग्राबिनूवच्या चौकात ट्राम पुढच्या चालकाच्या ताब्यात दिली. समोर मावसभाऊ मोटारसायकल सुरू ठेवून हाका मारतोय. तिने टोपी, हातमोजे, थर्मास, लग्नासाठी घेतलेलं सॉसेजचं वेटोळं, सगळं भराभरा पिशवीत कोंबलं आणि मागच्या सीटवर बसून ती पसार झाली. पुढचा चालक बेकरीवाल्याच्या मुलीशी गप्पा छाटत होता. निघायची वेळ झाली तेव्हा त्याने राजदंडासाठी हात पुढे केला आणि हाताला हवा लागली.

मग काय विचारता! चौकातली ट्राम निघेना, लिपूव्काची ट्राम पुढे येईना. तेव्हा आमच्या गिरण्या जोरात होत्या. पहिल्या पाळीच्या दमलेल्या बाया इकडे अडकल्या, दुसऱ्या पाळीच्या बाया तिकडे अडकल्या, आणि दोन्ही टोकांना एकाच पोरीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. झेनोनकाका सायकल हाणत खेड्यात पोचले. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वऱ्हाड नाचत होतं. काका घामाघूम होऊन आत शिरले, बाकाखालची इर्मिनाची पिशवी ओढली, सॉसेज बाहेर काढून नवऱ्यामुलाच्या हातात दिलं आणि त्याखालून राजदंड उपसला. वाजंत्री थांबली. काकांनी कमरेत वाकून तिला मुजरा केला.

"महाराणी," ते म्हणाले, "प्रजा खोळंबलीय. राजदंड नेऊ का?"

सगळा हॉल हसहसून लोळला. इर्मिना स्वयंपाकघरात पळाली आणि बटाट्यांच्या पोत्यावर बसून रडली. सोमवारी कामावर आली तर गिरणीच्या बाया ट्राममध्ये चढताना गुडघे वाकवून नमस्कार करत होत्या.

झेनोनकाकांनी त्यानंतर तिला एकदाच सुनावलं. "हे बघ पोरी. दंड हातात आहे म्हणजे वाटेवर तू आहेस. परत दिलास की वाट मोकळी. जोवर देत नाहीस तोवर तू रुळावरच आहेस, मग घरी बसून सूप का ओरपत असेनास. कळलं?"

"कळलं, काका."

"काय कळलं?"

"दिल्याशिवाय प्रवास संपत नाही."

"हं. आता जा, आणि ती सॉसेजवाली पिशवी परत आणू नकोस कामावर."

पुढे ती कधी म्हणजे कधीच राजदंड विसरली नाही. पण लोकांना त्याचं काय! माणसाने चाळीस वर्षं नीट काम केलं तरी गावाच्या लक्षात राहतो तो एकच शनिवार.

या चाळीस वर्षांत गिरण्या बंद पडल्या. बाया थकल्या, पोरं इंग्लंड-जर्मनीला गेली. इर्मिनाचं लग्न रोमानशी झालं. तो गिरणीत रंगारी होता. गिरणी बुडाल्यावर त्याने घरामागे कोबी आणि काकड्या लावल्या. आणि वूचच्या भोवतीच्या गावांना जाणाऱ्या ट्रामा एकेक करून बंद व्हायला लागल्या. बंद हा शब्द मात्र कुणी वापरत नसे. 'तात्पुरती स्थगित' अशी पाटी लागायची. स्थगित झाली की तारेतली वीज काढायची. वीज काढली की आठवड्याभरात चोर शिड्या लावून तांब्याची तार कापून न्यायचे. तार गेली की दुरुस्तीचा खर्च दुप्पट व्हायचा, आणि खर्च दुप्पट झाला की साहेब लोक दोन्ही हात वर करून म्हणायचे, बघा, आम्हाला तर सुरू करायची फार इच्छा होती. इर्मिना एकदा सायकलवरून अशी एक मेलेली लाईन बघून आली. रस्त्याकडेला नुसते खांब उभे होते. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

"आपल्याकडे हे होऊ द्यायचं नाही," ती रोमानला म्हणाली.

"म्हणजे तू काय करणार?" रोमानने विचारलं. "तारेवर चढून बसणार?"



आमची पाळी एका शरद ऋतूत आली. रूळ इतके खंगले होते की ट्राम तळ्याजवळ बदकांच्या वेगाने चालायची. कंपनीने पाटी लावली: ऑक्टोबरच्या मध्यापासून तात्पुरती स्थगित. गंमत अशी की त्याच वर्षी प्रांताकडून जुन्या लाईनी दुरुस्त करायला पैसा येणार होता. लाईनीवरच्या तीन गावांनी आपापला वाटा उचलायचा की नाही, ते नोव्हेंबरच्या शेवटी सभेत ठरायचं होतं. म्हणजे रूळ जगवायचे का हे ठरणार नोव्हेंबरात, आणि वीज काढून तार चोरांच्या हवाली करायची ऑक्टोबरात! आमच्याकडे कारभार असाच चालतो.

आमचे नगराध्यक्ष कोर्नेल लिस ट्रामऐवजी बस आणायच्या बाजूचे. माणूस वाईट नव्हता, पण नव्या वस्तूवर फीत कापायला मिळाली की त्याला परमानंद होई. इर्मिनाने त्यांना चौकातच गाठलं.

"लिससाहेब, सभेपर्यंत तरी वीज ठेवायला सांगा कंपनीला."

"अहो इर्मिनाबाई, बस येतेय ना! नवी कोरी, गरम हवेची."

"गेल्या हिवाळ्यात जुनी बस लिपूव्काच्या चढावर आडवी पडली होती. लोकांना घरी कुणी आणलं?"

"आता एखाद्या वेळी होतं असं."

"मी आणलं. तुमच्या सासूबाईंना धरून."

"तेवढं एक तुम्ही केलं नसतं तर..." लिससाहेब हसले आणि घड्याळ बघत निघून गेले. वीज ठेवायला त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शेवटच्या ट्रामला सगळं गाव लोटलं. कुणी मेणबत्त्या आणल्या, कुणी नातवंडं. म्हातारी पेलागिया शेवंतीची कुंडी मांडीवर घेऊन अगदी पुढे, चालकाच्या दारापाशी बसली होती.

"सर्व संतांच्या दिवशी आता मी माझ्या म्हाताऱ्याच्या कबरीवर कशी जाऊ गं?" ती म्हणाली. "बस हमरस्त्याने जाणार. दफनभूमीपाशी थांबतच नाही मेली. म्हणून आजच फुलं घेऊन निघाले, येताना चालत येईन. पंधरवडाभर आधी गेले तर चालेल का त्याला, काय माहीत."

"चालेल, पेलागियाकाकू," इर्मिना म्हणाली.  दफनभूमीपाशी म्हातारीला उतरवताना तिने खाली उतरून कुंडी स्वतः हातात धरली. पेलागिया सावकाश फाटकाकडे चालत गेली आणि ट्राममधलं सगळं गाव तिच्या पाठीकडे बघत राहिलं.

 राजदंड समोरच्या कप्प्यात होता. तो लिपूव्काला वाल्डेकच्या हातात द्यायचा. वाल्डेक हा तिथला नियंत्रक, तिच्याच वयाचा, जन्माचा कुरकुऱ्या आणि तिचा जुना मित्र. दंड खुंटीवर टांगून तो वीजघराला फोन करणार, 'वाट मोकळी'. मग वीज जाणार. नियमच होता तसा: दंड खुंटीवर आल्याशिवाय तारेतली वीज काढायची नाही, कारण तो आला नाही याचा अर्थ वाटेवर अजून कुणीतरी आहे. झेनोनकाकांचे शब्द तिला आठवले, आणि रोमानने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही तिला तिथेच सुचलं.

लिपूव्काला वाल्डेक खिडकीपाशी आला आणि त्याने हात पुढे केला. इर्मिनाने कप्प्यातून कागदात गुंडाळलेला खसखशीच्या केकचा तुकडा काढला, त्याच्या हातावर ठेवला, खिडकी लावली आणि घंटा वाजवली. ट्राम हलली. वाल्डेक हातातल्या केककडे बघत उभा राहिला. हाक मारायला त्याला भरपूर वेळ होता. त्याने ती मारली नाही.

"मग तू काय केलंस?" मी त्याला पुढे कधीतरी विचारलं.

"केक खाल्ला," वाल्डेक म्हणाला. "चांगला होता. खसखस जरा कमी होती."

तासाभराने वीजघरातून फोन आला.

"लिपूव्का, वाट मोकळी ना?"

"दंड आलेला नाही," वाल्डेक म्हणाला.

"अरे, शेवटची ट्राम तुझ्या नाकासमोरून गेली ना?"

"गेली."

"मग वाटेवर कोण आहे?"

"नियमाप्रमाणे इर्मिना सोबचाक आहे."

"ती तर डेपोत हात धुतेय!"

"ते मला इथून दिसत नाही," वाल्डेक म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून इर्मिनाला फोन आला. तिने कपाळावर हात मारून घेतला, तोही इतक्या जोरात की पलीकडे ऐकू जावा. "अगं बाई! गर्दीत कुठे पडला की काय! पिशवीत तर नाही. थांबा हं, शोधते." ती आठवडाभर शोधत होती. कंपनीतले लोक वैतागले, पण संशय कुणालाच आला नाही. राजदंड हरवणार तर राणीच हरवणार, दुसरं कोण! ज्या चुकीने तिला आयुष्यभर टोमणे खावे लागले, ती चूक आता पहिल्यांदाच तिच्या उपयोगी पडत होती.

साहेबांपुढे एक साधी वाट होती. कुणीतरी अधिकाऱ्याने लिपूव्कापासून ग्राबिनूवपर्यंत चालत जायचं आणि 'वाट मोकळी आहे' असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. पण सही म्हटल्यावर प्रत्येकाला आपापलं दुसरं काम आठवलं. याने त्याच्याकडे बोट दाखवावं, त्याने वरच्याकडे, आणि वरचा सुट्टीवर. तारेत वीज तशीच राहिली.

इर्मिना आता वूच शहरातल्या ट्रामा चालवत होती. रोमानला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. दंड तिने तळघरात जुन्या कोटांच्या मागे लपवला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती खाली गेली तर कोटांमागे काहीच नव्हतं.  तिने सगळे कोट उपसले, बटाटे चाळले, मग वर येऊन भिंतीला धरून उभी राहिली. रोमान टेबलाशी बसून झालेवाइका पीत होता, आमच्याकडचं ते आंबट बटाट्याचं सूप.

"कोबीच्या मोठ्या पिंपामागे आहे," तो वर न बघता म्हणाला. "पोत्यात गुंडाळून. कोटांमागे कुणी ठेवतं का? शोधणारा माणूस आधी तिथेच बघणार."

इर्मिना मटकन खुर्चीत बसली. "रागावलास?"

"रागावलोय तर! उन्हाळ्यात पेन्शनीला निघणार तू. हे बाहेर आलं तर काढून टाकतील. इतकी वर्षं पहाटे उठून गेलीस, ती काय यासाठी?"

"मग देऊन टाकू म्हणतोस?"

रोमानने पाव मोडला, सुपात बुडवला, बराच वेळ चावला. "मी आयुष्यभर ज्या गिरणीत रंग ढवळला, तिची यंत्रं एका महिन्यात भंगारात विकली. आम्ही फाटकाबाहेर उभं राहून बघत होतो. कुणी एक खिळासुद्धा लपवला नाही." त्याने चमचा खाली ठेवला. "सूप घे. निवतंय."

त्याच आठवड्यात तीन चोर आले. भर दिवसा, नारिंगी जाकिटं घालून, शिडीची गाडी घेऊन, अगदी सरकारी थाटात. पेलागिया त्या वेळी नवऱ्याच्या कबरीपाशी होती. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून आली होती बिचारी. त्यांच्यातला एक शिडीवर चढला आणि खालच्याने वीज आहे का बघायला तारेवर साखळी फेकली. असा काही जाळ आणि आवाज झाला म्हणता, की दफनभूमीतले कावळे उडून पार तळ्यापलीकडे गेले. वरचा माणूस घसरत खाली आला, आणि तिघं गाडीत बसून शिडी तिथेच टाकून पळाले.

"मी म्हटलं त्यांना," पेलागिया बेकरीत सगळ्यांना सांगत होती, "अरे बाळांनो, थांबा, शिडी राहिली!"

गाव पोट धरून हसलं. पण गावाला आता एक गोष्ट कळली होती. बाकी सगळ्या लाईनींच्या तारा गेल्या, आपली राहिली, आणि ती का राहिली. बेकरीत इर्मिना रांगेत उभी राहिली की लोक तिला पुढे जायला सांगू लागले. तोंडाने कुणी काही बोलत नसे.

सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरली. तोच हॉल, जिथे झेनोनकाकांनी मुजरा केला होता. तिन्ही गावांचे नगरसेवक पुढे बसले होते, मागे लोक दाटीवाटीने उभे. प्रांताचा माणूस म्हणाला, तार आणि खांब शाबूत असलेली ही एकच लाईन उरली आहे, त्यामुळे खर्च आवाक्यात आहे. मग लिससाहेब उठले. बोलण्यात ते पटाईत.

"तार शाबूत आहे, खरं," ते म्हणाले. "पण का शाबूत आहे? कंपनीच्या नियोजनाने? छे! एका बाईंनी लाकडाचा दंडुका हरवला म्हणून! याच बाईंनी चाळीस वर्षांपूर्वी तो लग्नात नेला होता." हॉलमध्ये हसू पसरलं. "मी इर्मिनाबाईंना दोष देत नाही. वय होतं, माणूस विसरतो. पण मला सांगा, आपल्या नातवंडांचे पैसे आपण अशा कारभारात घालायचे का? जिथे दंडुका सापडत नाही म्हणून आख्खी लाईन महिनाभर तशीच पडून राहते? हा कारभार आहे की थट्टा?"

पुढच्या रांगेतले नगरसेवक माना डोलवायला लागले. इर्मिना मागे रोमानशेजारी उभी होती. ज्या विसराळूपणाच्या आडोशाला तिने तार वाचवली होती, तोच आडोसा आता ट्रामच्या मुळावर आला होता. गप्प बसली असती तर तिची नोकरी शाबूत, पेन्शन शाबूत. गावाने फार तर आणखी वीस वर्षं चेष्टा केली असती. रोमानने तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून तिला पुढे जायला वाट करून दिली.

"मला बोलायचंय," इर्मिना म्हणाली.

"बोला, बोला, इर्मिनाबाई," लिससाहेब मोठ्या मनाने म्हणाले.

"मी काही विसरले नाही. चाळीस वर्षांपूर्वी विसरले होते, त्याचं माप गावाने माझ्या पदरात पुरेपूर घातलं. या वेळी मी राजदंड मुद्दाम नेला. तो माझ्या घरी आहे. कंपनीला खोटं बोलले, तेही मुद्दाम. तुमची सभा व्हायच्या आत तार चोरीला गेली असती, आणि मग तुम्ही इथे बसून मेलेल्यावर दवापाणी करायचं का यावर मतं दिली असती. मला वाटलं, जिवंत आहे तोवर विचारावं."



"याची शिक्षा काय ते तुम्हाला ठाऊक आहे ना?" कंपनीचा साहेब कोपऱ्यातून म्हणाला.

"ठाऊक आहे. पण मग असं नका म्हणू की ही लाईन वेंधळेपणाने वाचलीय. वाल्डेकने 'वाट मोकळी' म्हटलं नाही. तुमच्या वीजघरातल्या माणसाने नियम मोडला नाही. पेलागियाकाकूंनी तर चोरांची शिडी पकडून दिली." मागे कुणीतरी हसलं. "याला थट्टा म्हणायचं असेल तर म्हणा. आम्ही याला नोकरी म्हणतो."

ती परत रोमानशेजारी जाऊन उभी राहिली. त्याने तिचा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतत होती.

मतदान झालं. शेजारची दोन्ही गावं ट्रामच्या बाजूने गेली. आमच्या गावाचं मत अडलं होतं, आणि ते सोडवलं लिससाहेबांच्या सख्ख्या मेहुण्याने. त्याने हात वर करताना नगराध्यक्षांकडे बघायचं टाळलं. आईला त्या हिवाळ्यात घरी कुणी आणलं होतं, हे तो विसरला नसावा.

इर्मिनाला कंपनीने पुढच्याच आठवड्यात काढलं. पेन्शन मिळाली, पण ठरली होती त्याहून कमी. उरलेले महिने तिने बेकरीत पाव विकले. दुःख झालं का? झालं. पहाटे जाग यायची, हात आपोआप टोपीकडे जायचा आणि मग आठवायचं. हे ती कुणापासून लपवत नसे. पण केलं त्याचा पस्तावा झाला असं तिने कधी म्हटलं नाही, आणि खोटं बोलायचा तिचा कोटा तेव्हा संपलेला होता.

राजदंड मात्र तिने परत केला नाही. कंपनीने दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा तिने त्याला चहा पाजला, लोणच्याची काकडी बांधून दिली आणि सांगितलं, "पोचले की देते."

"पोचले म्हणजे? कुठे?"

"ते वाल्डेकला विचारा. त्याला नियम ठाऊक आहेत."

जुने रूळ उखडले, नवे आले. सगळ्याला तीन उन्हाळे गेले. या खेपेला राजदंडाची गरज नव्हती. लिपूव्काला दिवे बसवले, लाल आणि हिरवे. वाट कुणाची हे आता तेच ठरवतात. वाल्डेकही निवृत्त झाला, पण पहिली ट्राम सुटायच्या दिवशी जुना गणवेश चढवून आला. त्याची बटणं पोटावर लागत नव्हती. लिससाहेबांनी फीत कापली, अगदी मनापासून कापली. माणूस वाईट नव्हता म्हटलं ना मी.

पहिल्या ट्राममध्ये इर्मिना लिपूव्काला चढली, तिकीट काढून, प्रवाशासारखी. मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ट्राम कोबीच्या शेतांतून निघाली. पूर्वी जिथे तोंडातले दात हलायचे तिथे आता कपातला चहा हलत नव्हता. दफनभूमीपाशी ट्राम थांबली आणि पेलागिया चढली. वाकून अगदी लहान झाली होती ती.

"माझ्या म्हाताऱ्याला सांगून आले," ती इर्मिनाच्या शेजारी बसत म्हणाली, "की ट्राम परत आली. आता सारखी येईन म्हटलं. झाली त्याची कटकट सुरू."

ग्राबिनूवच्या चौकात बँड वाजत होता. वाल्डेक ट्रामच्या पुढच्या दारापाशी उभा होता. तो कुणाच्या तरी गाडीतून आधीच येऊन पोचला होता. इर्मिना पायरी उतरली. पोतं बाजूला केलं आणि चाळीस वर्षं जसा द्यायची तसा, पितळी कडं पुढे धरून, राजदंड त्याच्यासमोर केला.

"लिपूव्का ते ग्राबिनूव," ती म्हणाली. "आले. वाट मोकळी."

वाल्डेकने तो दोन्ही हातांनी घेतला. नाकाशी नेला. "कोबीचा वास येतोय याला."

"येणारच."

"आणि इतका उशीर?" कुरकुर केल्याशिवाय राहील तर तो वाल्डेक कसला. "तीन वर्षं होऊन गेली, राणी. वाटेत करत काय होतीस?"

इर्मिनाने मागे वळून उन्हात चकाकणाऱ्या नव्या रुळांकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

"काय करू," ती म्हणाली, "रूळ खराब होते."